उपासनेत स्टील गिटार: पेडलची घाई करू नका

उपासनेच्या वाद्यवृंदात स्टील गिटार वाजवू इच्छिणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक वेळा एकाच जागी अडतात. मोबाइलवर कुठेतरी पेडल स्टील ऐकलेली असते, तिचा ओढून आणलेला आर्त सूर मनात बसलेला असतो, आणि पहिला प्रश्न येतो: ती मिळते कुठे आणि केवढ्याला? पाठोपाठ दुसरा: शिकवणारं कोणी नाही, मग आपलं आपण शिकून रविवारी कधी वाजवता येईल? उत्रोली, भोर किंवा वेल्ह्याच्या बाजूला राहणाऱ्याला हे प्रश्न जास्तच छळतात, कारण वाद्यांचं बरं दुकान गाठायचं तर पन्नासेक किलोमीटरवरचं पुणं, आणि पुण्यातही पेडल स्टील काचेमागे मांडलेली सापडत नाही.

माझं उत्तर असं, की पहिलं वर्ष पेडल नसलेल्या, मांडीवरच्या गिटारवर काढा. पैसे वाचतात हे त्याचं एक कारण आहे, पण मुख्य कारण मराठी उपासनेत गायल्या जाणाऱ्या गाण्यांत आहे. ते आधी समजून घेतलंत, तर काय विकत घ्यायचं, काय शिकायचं आणि उपासनेत कुठे वाजवायचं हे तिन्ही निर्णय सोपे होतात.

कोणती गिटार, कोणती गाणी

गिटार मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातातला पोलादी बार तारांवर सरकवायचा आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या, ही हवाईयन किंवा लॅप स्टील. आपल्याकडे तिची ओळख जुनी आहे. व्हॅन शिपले आणि सुनील गांगुली यांनी चित्रपटगीतांच्या धुना तिच्यावर वाजवल्या. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर रागसंगीत आणलं. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरीच्या जोडीला तीच गिटार आहे. पेडल स्टील ही तिची पुढची अवस्था. चार पायांवर उभी, बहुधा दहा तारांची, खाली तीन किंवा जास्त पेडल आणि गुडघ्यांनी ढकलायचे चार-पाच दांडे. एखादं पेडल दाबलं की ठरावीक तारा ठरावीक अंतराने चढतात, त्यामुळे बार जागचा न हलवता कॉर्ड बदलते. अमेरिकन कंट्री संगीतात 1954 साली वेब पियर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने ही करामत ऐकवली आणि मग सगळेच तिच्यामागे लागले.

आता आपली गाणी पाहा. मराठी मंडळ्यांच्या उपासनेत ढोबळमानाने तीन प्रकारची गाणी येतात. पहिली, पाश्चात्त्य चालींवर बसवलेली गीतं. त्यांच्या चाली चार आवाजांत गाण्यासाठी रचलेल्या असल्याने त्यांत कॉर्ड भराभर बदलतात. दुसरी, देशी चालींची भजनं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (1861–1919) अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये असताना मराठी ख्रिस्ती गायनाला अभंग आणि भजनाचं वळण दिलं, आणि त्यांची गीतं आजही 'उपासना संगीत'मधून गायली जातात. या भजनांत सा एक, पट्टी एक, आणि सगळी हालचाल चालीत असते. पेटी चालीबरोबर जाते, ढोलकी किंवा तबला लय धरतो. तिसरी, अलीकडची वर्शिप गाणी. बहुतेकांत तीन-चार कॉर्ड आलटून पालटून येतात.

पेडलचा खरा उपयोग पहिल्या प्रकारात आणि काही अंशी तिसऱ्यात होतो. दुसऱ्या प्रकारात पेडल जवळजवळ रिकामं राहतं. भजनाला हवी असते ती मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं, आणि ती बारने होते, पायाने नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तुम्हाला हे वाद्य आवडलं, ती गोष्ट साध्या लॅप स्टीलमध्येही पुरेपूर आहे. पेडल स्टील घेऊन बसलेला नवशिका मात्र एकाच वेळी बार, दोन्ही हात, दोन्ही पाय आणि दोन्ही गुडघे सांभाळू पाहतो. उजव्या पायाखाली व्हॉल्यूम पेडलही असतं. अशा अवस्थेत सर्वांत आधी सुटतो तो सूर, आणि उपासनेत बेसूर स्टील गिटार झाकून जात नाही. बेसूर तबला माफ होतो, ही होत नाही.

यावर दूरचा पण भक्कम पुरावा आहे. अमेरिकेतल्या 'हाउस ऑफ गॉड' या आफ्रिकन-अमेरिकन पेंटेकॉस्टल मंडळीत 1930 च्या दशकापासून स्टील गिटार हे उपासनेचं प्रमुख वाद्य आहे. या परंपरेला आज 'सेक्रेड स्टील' म्हणतात. ट्रोमन ईसन आणि त्याचा धाकटा भाऊ विली ईसन हे तिचे आरंभीचे वादक. विलीची ख्याती होती ती लॅप स्टीलच्या एकेका तारेवर गाणाऱ्याचा आवाज जसाच्या तसा उमटवण्याची. पेडल तिथे बऱ्याच नंतर, 1970 च्या दशकात चक कॅम्पबेलसारख्या वादकांनी रुजवलं. त्याच चक कॅम्पबेलला 2004 साली अमेरिकेची राष्ट्रीय वारसा फेलोशिप मिळाली. रॉबर्ट रँडॉल्फ हा जगभर गाजलेला पेडल स्टीलवादकही याच मंडळीतून आला. आधी आवाजासारखं वाजवायला शिकायचं आणि यंत्रणा नंतर घ्यायची, हा क्रम उपासनेच्या गरजेतून आला होता. आपल्या भजनांना तर तो अधिकच लागू पडतो.

हमखास घेतले जाणारे आक्षेप

"पुढे पेडल घ्यायचीच आहे, मग दोनदा खर्च कशाला?" हा आक्षेप रास्त वाटतो. पण घरातल्या जुन्या गिटारवर सुरुवात केली तर पहिला खर्च फार थोडा असतो, आणि बार, नखी, व्हॉल्यूम पेडल, अॅम्प्लिफायर या वस्तू पुढेही कामी येतात. बार धरणं, तारा दाबून गप्प करणं आणि कान तयार करणं हे कौशल्य तर पूर्णच्या पूर्ण पुढे जातं. उलट पेडल स्टील आधी मागवली आणि वर्षभरात मन उडालं, तर ती विकायची कोणाला?

"हे परदेशी वाद्य, उपासनेत शोभेल का?" वडीलधाऱ्यांकडून हे हमखास येतं. त्यांना उत्तर देताना पेटीची आठवण जरूर करून द्या. पेटीही एकोणिसाव्या शतकात युरोपातूनच आली, आणि आज तिच्याशिवाय भजन सुचत नाही. शिवाय पेटीला मींड घेता येत नाही. स्टील गिटारला येते. पण वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाची दुसरी बाजू खरी आहे, ती म्हणजे गाण्यापेक्षा वाद्याकडे लक्ष जाण्याची भीती. तिला शब्दांनी उत्तर देता येत नाही, संयमाने वाजवूनच देता येतं.

"शिक्षक नाही" हा तिसरा. पेडल स्टीलचा शिक्षक जवळपास मिळणं अवघड आहे हे मान्य. पण तुम्हाला पहिल्या वर्षी जे लागतं ते गाणं, व्हायोलिन किंवा सतार शिकवणाराही देऊ शकतो: सुरात आहात की नाही हे सांगणारा कान. महिन्यातून दोनदा अशा कोणाला तरी वाजवून दाखवा. हात कसे ठेवायचे हे व्हिडिओत दिसतं, पण तुम्ही बेसूर आहात हे व्हिडिओ सांगत नाही.

काय घ्यावं

- घरातली साधी गिटार बदलून. अकूस्टिक गिटारच्या नटवर बसणारं उंच धातूचं एक्स्टेंशन नट मिळतं. त्याने तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात. एक गोल बार आणि नखी घेतल्या की काम भागलं. बहुतेकांसाठी हाच मार्ग.
- सहा तारांची इलेक्ट्रिक लॅप स्टील. तुमच्या वाद्यवृंदात ड्रम आणि कीबोर्ड असेल तर अकूस्टिकचा आवाज दबतो, तेव्हा ही. वजनाला हलकी, पाठीवर टाकून एसटीने नेता येते.
- एका मानेची, तीन पेडलची पेडल स्टील. वाहून न्यायच्या पेटीसकट पंधरा किलोच्या पुढे जाते, उभी करून सुरात आणायला वेळ लागतो. वर्षभरानंतर विचार करा.

बदललेल्या गिटारवर 'ओपन डी' लावा. जाड तारेकडून बारीक तारेकडे मोजलं तर पांढरी दोनच्या पट्टीत सा, प, सा, ग, प, सा. नेहमीच्या सुरावटीतून इथे येताना चार तारा उतरवाव्या लागतात आणि एकही चढवावी लागत नाही, त्यामुळे गिटारच्या मानेवर जादा ताण येत नाही. काही पुस्तकांत तारा चढवून लावायच्या सुरावटी दिलेल्या असतात; जुन्या, स्वस्त गिटारवर त्या वापरू नका, मान वाकते किंवा ब्रिज उखडतो.

हात कसे बसवायचे

नवशिक्यांच्या बेसुरेपणाचं मूळ बहुतेकदा नजरेत असतं. साध्या गिटारवर बोट फ्रेटच्या मागे टेकवायचं असतं. इथे बार फ्रेटच्या बरोबर डोक्यावर आला पाहिजे, कारण तार फ्रेटला टेकतच नाही. तुम्ही तिरपे बसून पाहिलंत तर बार बरोबर जागी असल्यासारखा दिसतो आणि सूर मात्र थोडा खाली किंवा वर राहतो. म्हणून नेहमीचा फ्रेट नाकासमोर येईल असे बसा आणि सरळ वरून पाहा. मग हळूहळू डोळे मिटून कानाने जागा शोधायची सवय लावा. शेवटी कानच खरा.

बार अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात धरायचा. अनामिका आणि करंगळी बारच्या मागे, म्हणजे नटच्या बाजूला, तारांवर अलगद पडून राहिली पाहिजेत. ही दोन बोटं उचलली गेली की बारच्या मागचा तारेचा तुकडा घुमायला लागतो आणि एक कर्कश खरखर येते. तिचं मूळ शोधताना लोक अॅम्प्लिफायर बदलतात, तारा बदलतात. दोष बोटांचा असतो. उजव्या हाताच्या अंगठ्यात प्लास्टिकची आणि तर्जनी-मधल्या बोटात धातूची नखी घाला. जी तार वाजायला नको ती तळहाताच्या कडेने दाबून गप्प करायला शिका. भजनात याला फार महत्त्व आहे: ओपन डी मध्ये गच्या तारेवर कोणत्याही फ्रेटला शुद्ध गंधार लागतो, आणि कोमल गंधाराच्या चालीत ती तार चुकून वाजली तर अख्खी ओळ बिघडते. अशा चालींत फक्त सा आणि प च्या तारांवर वाजवा.

थरथर, म्हणजे व्हायब्रॅटो, सुरुवातीचे काही महिने बंद ठेवा. बेसूर लपवायचं ते सोपं साधन आहे आणि त्याची सवय सुटत नाही. मोबाइलवर तानपुरा लावा, रोज वीस-पंचवीस मिनिटं एकच ओळ आधी गा, मग वाजवा, मग रेकॉर्ड करून ऐका. गायलेल्या ओळीत श्वास जिथे घेतलात, तिथे वाजवतानाही थांबा.

पट्टी सांगितली की हात कुठे

उपासना सुरू व्हायच्या आधी पेटीवाला कुजबुजतो, "काळी एक." तुमचा बार तेवढ्यात जागेवर गेला पाहिजे. ओपन डी मध्ये सा इथे आहे:

- पांढरी दोन: बार न ठेवता, मोकळ्या तारा (किंवा 12 वा फ्रेट)
- काळी दोन: 1, पांढरी तीन: 2, पांढरी चार: 3
- काळी तीन: 4, पांढरी पाच: 5, काळी चार: 6
- पांढरी सहा: 7, काळी पाच: 8, पांढरी सात: 9
- पांढरी एक: 10, काळी एक: 11

सा च्या फ्रेटपासून पाच फ्रेट पुढे गेलात की म ची कॉर्ड, सात पुढे गेलात की प ची. वर्शिप गाण्यांत ध ची मायनर कॉर्ड वारंवार येते. तिच्यासाठी नऊ फ्रेट पुढे जा आणि फक्त सा-प च्या तारा छेडा, ग ची तार सोडा. कॉर्ड अर्धी वाजते, पण चुकीची वाजत नाही. उरलेला स्वर कीबोर्ड भरतो. पुढे जायला गिटार अपुरी पडली तर तेवढेच फ्रेट मोजण्याऐवजी बारा वजा करून मागे या.

उपासनेत कधी वाजवायचं

लहान मंडळीत लोक तोंडपाठ गातात. पुस्तक हातात असलं तरी चालीसाठी त्यांचा कान पेटीवर किंवा मुख्य गायकावर असतो. त्याच वेळी, त्याच उंचीवर तुम्ही चालीत थोडा फरक करून वाजवू लागलात, तर वयस्कर माणसं गोंधळून गप्प होतात. मंडळीचा आवाज खाली गेला, तर वादन कितीही चांगलं असलं तरी ते चुकलं. म्हणून शब्द चालू असताना गप्प किंवा एकच लांब सूर, आणि ओळ संपून पुढची सुरू होईपर्यंतच्या जागेत दोन-तीन स्वरांचं उत्तर, एवढ्यावर पहिले काही महिने थांबा. पहिलं कडवं पूर्ण सोडून द्या, दुसऱ्यापासून या. "मग बाकी वेळ हात बांधून बसायचं का?" असं कोणी विचारेल. हो, बसायचं. आणि बसून मंडळीबरोबर गायचं, कारण चाल कंठात असल्याशिवाय ती बारवर येत नाही.

स्टील गिटारला मोकळं मैदान मिळतं ते दानार्पणाच्या वेळी आणि प्रभुभोजनाच्या वेळी, जेव्हा लोक उठून पुढे जात असतात आणि कोणी गात नसतं. मंडळीला पाठ असलेलं एखादं भजन तिथे सावकाश, विनाताल वाजवा. पाळकांशी आधी बोलून ठेवा: किती वेळ, कोणत्या खुणेला थांबायचं, उपदेशानंतरच्या प्रार्थनेखाली वाजवायचं की शांतता हवी. काही पाळकांना प्रार्थनेच्या खाली वाद्य नको असतं, आणि त्यांचा तो निर्णय मानायचा.

सूर लावताना आणखी एक अडचण येते. पेटी आणि कीबोर्ड ठरावीक जागी पक्के असतात. तुमच्या कानाला मात्र गंधार थोडा उतरलेला गोड लागतो. एकट्याने वाजवताना तो तसा लावा, पेटीबरोबर बसताना तिच्याशीच जुळवा. आणि जुनी पेटी अनेकदा ट्यूनरच्या सुरापासून हललेली असते, म्हणून रविवारी मोबाइलमधल्या ट्यूनरआधी पेटीचा सा ऐका.

पेडलवर जायचं ठरलं तर

तुमच्या मंडळीत पाश्चात्त्य चालींची गीतं किंवा कीबोर्डवरची वर्शिप गाणी जास्त असतील, आणि वर्षभरानंतर बार सुरात राहत असेल, तर पेडल स्टीलचा विचार योग्य आहे. तिची नेहमीची सुरावट 'ई-नाइन्थ'. पांढरी तीनचा सा धरला तर पहिलं पेडल प ला ध करतं, दुसरं ग ला म करतं. तिसरं पेडल सुरुवातीला विसरलात तरी चालेल. या दोनच हालचालींत काय साधतं ते पाहा. पांढरी एकची पट्टी असेल तर बार 8 व्या फ्रेटवर ठेवा. पेडल न दाबता सा ची कॉर्ड. तिथेच दोन्ही पेडल दाबली की प चा ध आणि ग चा म झाला. सा-म-ध, म्हणजे म ची कॉर्ड. फक्त पहिलं दाबलं तर सा-ग-ध, म्हणजे ध ची मायनर, जी लॅप स्टीलवर अर्धी राहत होती. दोन्ही दाबून बार 10 व्या फ्रेटवर नेला की प ची कॉर्ड. दोन फ्रेट आणि दोन पेडल यांत वर्शिप गाण्यांच्या चारही कॉर्ड येतात. पट्टी बदलली तर 8 च्या जागी दुसरा फ्रेट, हालचाल तीच. डाव्या हाताचा पाया पक्का असलेल्या माणसाला हे थोड्या आठवड्यांत जमतं. नसलेल्याला वर्षानुवर्षं जमत नाही.

वापरलेली पेडल स्टील घेत असाल तर पैसे देण्याआधी हे तपासा:

- ट्यूनर लावून प्रत्येक पेडल आणि गुडघ्याचा दांडा दाबा-सोडा. सोडल्यावर तार मूळ सुरावर परत आलीच पाहिजे. येत नसेल तर यंत्रणा दुरुस्त करणारा जवळ नाही हे लक्षात ठेवून किंमत ठरवा किंवा सोडून द्या.
- पेडलांचा क्रम विचारा. बहुतेक शिकवण्या 'एमन्स' क्रमावर असतात. 'डे' क्रमात तो नेमका उलटा असतो. क्रम वेगळा असेल तर प्रत्येक धडा मनात उलटवावा लागतो.
- चारही पाय, पेडलच्या उभ्या सळ्या आणि वाद्य ठेवायची पेटी आहे ना? एक सळी हरवलेली असेल तर ते पेडल बंद.
- जादा तारा. गंधाराची बारीक तिसरी तार, 0.011 इंचाची, सर्वांत जास्त तुटते. तिच्या अर्धा डझन जवळ ठेवा.

परदेशातून मागवताना वस्तूच्या किमतीवर वाहतूक आणि सीमाशुल्क चढतं. विक्रेत्याकडून आणि कुरियर कंपनीकडून घरपोच एकूण रक्कम लेखी मिळाल्याशिवाय पैसे पाठवू नका.

वीज आणि पाऊस

याकडे फार थोडे लोक लक्ष देतात, आणि जिवाला धोका इथेच आहे. इलेक्ट्रिक स्टील गिटार वाजवताना तुमचे दोन्ही हात धातूवर असतात, आणि गाण्यासाठी ओठ माइकला टेकतात. गिटारचा अॅम्प्लिफायर एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर आणि इमारतीला अर्थिंग धड नसेल, तर तो झटका साधा नसतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, वाद्यवृंदाची सगळी उपकरणं एकाच बोर्डावर लावा, प्लगची जाड तिसरी पिन कधीही तोडू नका, आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवायला मंडळीच्या पंचांना राजी करा. त्याचा खर्च गिटारच्या खर्चाआधी व्हायला हवा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर वीस-तीस वॅटचा अॅम्प्लिफायर लहान सभागृहाला पुरतो.

भोरच्या पश्चिमेकडे घाटाच्या बाजूला पाऊस किती लागतो ते तुम्हाला सांगायला नको. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा, गिटारच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. पेडल स्टीलच्या खालच्या सळ्या आणि सांधे पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून पाहा, गंज दिसला तर लगेच पुसा.

तुमचे हक्क आणि मर्यादा

गाण्यांचे हक्क. उपासनेत दुसऱ्याचं गाणं वाजवायला परवानगी लागते का, हा प्रश्न वारंवार येतो. लागत नाही. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52(1)(झेडए) नुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात केलेलं संगीताचं सादरीकरण हा हक्कभंग नाही. पण ही सवलत सादरीकरणापुरती आहे. नव्या गाण्यांची पुस्तिका छापणं, इंग्रजी वर्शिप गाण्याचं भाषांतर करून ते प्रसिद्ध करणं किंवा रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकणं या सवलतीत बसतं असं धरून चालू नका. त्यासाठी हक्कधारकाची परवानगी घ्या. जुन्या गीतांना ही अडचण नाही. गीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे टिळकांची आणि 1936 साली वारलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गीतं आता कोणालाही वापरता येतात. दुसऱ्या कोणी केलेलं त्यांचं नवं रेकॉर्डिंग मात्र वापरता येत नाही.

वादकाचा हक्क. तुमच्या वादनावर तुमचाही हक्क आहे. कायद्यात सादरकर्त्याचा हक्क 50 वर्षं टिकतो. सेवा म्हणून विनामोबदला वाजवत असलात तरी रेकॉर्डिंग विकलं जाणार असेल, तर आधी तुमची संमती घेतली जावी आणि ती लेखी असावी. हे मागताना संकोच वाटतो, विशेषतः मंडळीच्या पंचांकडे. तरी मागा, नंतरचा वाद त्याने टळतो.

खरेदीतली तक्रार. पक्कं बिल घ्या. सदोष वाद्य निघालं आणि दुकानदार ऐकत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात दावा करता येतो. विक्रेता मुंबई-दिल्लीचा असला तरी तुम्हाला तिकडे जावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. खासगी माणसाकडून वापरलेलं वाद्य घेतलंत तर हा मार्ग सहसा मिळत नाही, म्हणून तिथे तपासणी दुप्पट काळजीने करा आणि पैसे दिल्याची सही घ्या.

आवाजाची मर्यादा. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला लेखी परवानगी लागते, आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात तो लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस जिल्हाधिकारी दरवर्षी जाहीर करतात. नाताळच्या आदल्या रात्रीची उपासना मांडवात होणार असेल, तर त्या यादीत 24 डिसेंबर आहे का ते पाहा आणि पोलिस ठाण्यात अर्ज नोव्हेंबरातच द्या.